गरिबाचे प्रेम आणि आपले साहित्य

मुस्लिम मराठी साहित्याचा प्रवाह १९९० साली सोलापूरच्या पहिल्या संमेलनातून संघटित रूपाने पुढे आला. तेव्हापासूनच्या साडेतीन दशकांचा ताळेबंद मांडायला बसले तर जमेची बाजू मोठी दिसते. दंगलीत जळालेली घरे या साहित्यात आली. नाव ऐकताच भाड्याची खोली नाकारणारा घरमालक आला. तलाक आला, बुरखा आला, गावगाड्यातला आतार, मुलाणी, पिंजारी आणि शिकलगार आला. मराठी ही आमची मायबोली आहे हे पुन्हा पुन्हा सिद्ध करण्याची सक्तीही आली. या सर्व लेखनाचे मोल आम्ही जाणतो. तरीही या वहीतले एक पान कोरे राहिले आहे. हाताला बेभरवशाचे काम असलेला विशी-तिशीतला तरुण आणि त्याच वयाची तरुणी यांचे प्रेम, त्यांच्या देहाची ओढ आणि त्यांना हवा असलेला एकांत यांविषयी आपण फारसे लिहिले नाही.

हा विषय किरकोळ आहे असे मानणारे पुष्कळ आहेत. पोटाला नाही तिथे प्रेम कसले, असे घरातली वडीलधारी माणसे म्हणतात आणि समीक्षकही वेगळ्या शब्दांत तेच म्हणतात. आम्हाला हे पटत नाही. आर्थिक ओढाताणीचा घाव सर्वात आधी माणसांच्या जवळिकीवर पडतो. पीक बुडाले किंवा काम सुटले की लग्न लांबणीवर पडते. लग्न झालेले असेल तर नवरा कामासाठी परगावी जातो. दोघे एकाच घरात राहत असतील तर त्यांच्यातले बोलणे आटत जाते. कर्जाचा आकडा कागदावर दिसतो, आत्महत्येची बातमी छापून येते. दोन माणसांमध्ये पडलेले हे अंतर मात्र कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. ते साहित्यानेच नोंदवायचे असते. या एका कसोटीवर आपल्या भागातील काही कलाकृती आणि आपला स्वतःचा प्रवाह तपासून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आम्ही मालेगावात बसून हे लिहीत आहोत. मालेगाव म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे नाशिक जिल्ह्यातले यंत्रमागांचे शहर उभे राहते. आमचे मालेगाव ते नव्हे. वाशीम जिल्ह्यातले हे तालुक्याचे ठिकाण 'मालेगाव जहांगीर' म्हणून ओळखले जाते. अकोल्याहून वाशीमकडे जाणारा रस्ता आणि नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा जुना रस्ता येथे एकमेकांना छेदतात. गावाच्या भोवती सोयाबीन आणि तूर, आणि रस्त्याच्या कडेला गॅरेज, पंक्चरचे दुकान, वेल्डिंग, फळांची गाडी, चहाची टपरी, शिलाईकाम. आमच्या समाजातल्या बहुतेक तरुणांचे पोट या दुसऱ्या यादीवर चालते. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला. तो याच तालुक्यातून जातो. लांब पल्ल्याच्या गाड्यांना नवा रस्ता मिळाला आणि जुन्या रस्त्यावर गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्यांची चिंता वाढली.

या भूमीचा आणि प्रेमकाव्याचा संबंध मात्र फार जुना आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म. राजशेखराने 'काव्यमीमांसा' या ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांची कथा सांगितली आहे. रुसून निघालेल्या काव्यपुरुषाच्या मागे साहित्यविद्या देशोदेशी फिरते आणि अखेर विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात दोघांचा गांधर्व विवाह होतो. मदनाचे क्रीडास्थान असे त्या नगराचे वर्णन राजशेखर करतो. गांधर्व विवाह म्हणजे दोघांच्या परस्पर पसंतीने झालेला विवाह. शब्द आणि अर्थ यांचे मीलन सांगायला हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या एका संस्कृत पंडिताला आमच्या जिल्ह्यातला प्रेमविवाह सुचला, ही साधी गोष्ट नाही.

मराठीची पूर्वज असलेल्या महाराष्ट्री प्राकृतातली हालाची 'गाथा सप्तशती' तर याहूनही जुनी. त्या गाथांमधली माणसे नांगर धरणारी, शेत राखणारी, पारध करणारी, परदेशी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी आहेत. त्यांच्या घरी दारिद्र्य आहे आणि त्याच घरी शृंगारही आहे. दारिद्र्य असेल तर शृंगार वगळावा, असे त्या गाथाकारांना वाटले नाही. गरिबाला फक्त भूक असते, इतर कोणतीही इच्छा नसते, ही समजूत मराठी लेखनात नंतर रुजली.

आता आजचे वास्तव पाहू. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला वाशीम जिल्हा शेतकरी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांपैकी एक. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. २०१८ साली नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही वाशीमचे नाव आले. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि शेतकऱ्याला खुल्या बाजारात त्याहून कमी भावात माल विकावा लागला. या आकड्यांचा प्रेमाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की बाजार समितीत भाव पडला की त्या वर्षीच्या सोयरिकी पुढच्या वर्षावर जातात. पुढच्या वर्षी मुलगा आणखी एका वर्षाने मोठा झालेला असतो.

२१ डिसेंबर २०२२ रोजी सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, काहींनी घोड्यावर बसून, जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला. आम्हाला नवरी मिळवून द्या आणि गर्भलिंग निदानविरोधी कायदा कडकपणे राबवा, ही त्यांची मागणी होती. वर्तमानपत्रांनी फोटो छापले आणि लोक हसले. हसण्यासारखे त्यात काय होते? आपण कोणाला तरी हवे आहोत असे वाटणे ही माणसाची मूळ गरज आहे. ती भागत नाही हे उघड सांगण्यासाठी त्या तरुणांना वराचा पोशाख चढवून सोंग करावे लागले. मात्र त्या मागणीतली एक खोटही सांगितली पाहिजे. मुलगी ही सरकारने पुरवायची वस्तू असल्यासारखी त्या मोर्चाची भाषा होती. मुलीला कोण हवे आहे, हा प्रश्न त्यात नव्हता. आर्थिक अडचणीत पुरुषाचा कोंडमारा लवकर दिसतो आणि स्त्रीची इच्छा दिसायची राहून जाते, याची ही नमुनेदार साक्ष आहे.

आमच्या समाजातल्या तरुणाची अडचण थोडी वेगळी आहे. बहुतेकांना शेती नाही, म्हणून शेतकऱ्याच्या नावाने मिळणारी सहानुभूतीही नाही. गॅरेजमध्ये काम करणारा मुलगा रोजावर जगतो. त्याच्या आधी त्याच्या बहिणींचे निकाह उरकायचे असतात. शरिअतने मेहर देण्याची जबाबदारी पुरुषावर टाकली, पण व्यवहारात जहेजचे ओझे मुलीच्या बापावर आले. पलंग, कपाट, गाडी, दोन वेळचे जेवण, हॉलचे भाडे. २०२१ साली ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने सोप्या निकाहसाठी मोहीम चालवली, यावरूनच निकाह किती अवघड झाला आहे ते कळते. निकाह झाला तरी घर दोन खोल्यांचे. एका खोलीत आईवडील आणि लहान भावंडे, दुसरीत चूल आणि पडदा. नवे जोडपे पडद्याच्या आड कुजबुजते. एकमेकांशी मोठ्याने हसता येईल अशी जागा त्यांना वर्षानुवर्षे मिळत नाही. काम शोधत नवरा पुण्याला किंवा सुरतेला गेला तर सारा संसार फोनवर येतो, आणि तो फोनही सासूच्या कानाच्या अंतरावर.

या वास्तवाच्या जवळ जाणारी मराठी कादंबरी म्हणून आम्ही सदानंद देशमुख यांची 'बारोमास' (२००२) मानतो. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या या लेखकाला तिच्यासाठी २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शेतीच्या अरिष्टाची कादंबरी म्हणून तिची चर्चा खूप झाली. आम्ही तिच्याकडे एका मोडत जाणाऱ्या दांपत्याची कादंबरी म्हणून पाहतो. एकनाथ उच्चशिक्षित आहे, नोकरी नाही म्हणून शेतीत अडकला आहे. त्याला नोकरी लागेल या भरवशावर अलका त्या घरात आली आहे. भरवसा तुटतो तसतसे नवरा-बायकोतले मार्दव संपत जाते आणि ती माहेरी निघून जाते. देशमुखांचे सामर्थ्य असे की हे तुटणे ते कोणा एकाच्या दुष्टपणावर ढकलत नाहीत. बियाण्याची, खताची आणि देण्याघेण्याची बोलणी त्या दोघांच्या अंथरुणापर्यंत कशी येऊन पोचतात, ते कादंबरी दाखवते.

पण आमची एक तक्रार आहे. कादंबरीचा डोळा मुख्यतः एकनाथचा आहे. अलका रागावते, टोमणे मारते, निघून जाते आणि वाचकाच्या मनात ती हट्टी बाई म्हणून राहते. तिला त्या घरात काय हवे होते, आपल्या तरुणपणाचे काय होत आहे असे तिला वाटत होते, हे आतून फारसे कळत नाही. पुरुषाची हताशा शोकात्म ठरते आणि स्त्रीची हताशा कजागपणा ठरते. एवढ्या समर्थ लेखकाकडूनही हे घडते, यावरून ही सवय किती खोल मुरली आहे ते लक्षात यावे.

सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) या चित्रपटात योगायोगाने नायिकेचे नाव अलकाच आहे. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर आपला नवराही तसेच काही करील या धास्तीने ही अलका त्याच्यावर पाळत ठेवते. त्याला आवडीचे खाऊ घालते, मुलाला त्याच्या मागे पाठवते. दिग्दर्शकाने हे विनोदाच्या अंगाने सांगितले आहे आणि तिथेच त्याचे मर्म आहे. प्रेमाची जागा पहाऱ्याने घेतली आहे. गोडधोडाचे ताट प्रेमाचे आहे की भीतीचे, हे नवऱ्याला कळत नाही आणि कदाचित तिलाही सांगता येणार नाही. आत्महत्याग्रस्त प्रदेशातील दांपत्यजीवनावर इतके नेमके भाष्य आम्ही क्वचितच पाहिले आहे.

जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' हा चित्रपट २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात नेटपॅक पुरस्कार मिळवून आला आणि मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे प्रदर्शित झाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कापूस पिकवणाऱ्या घरातली सविता शिकते आहे, स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे आणि तिच्या मनात एका प्राध्यापकाविषयी ओढ आहे. चित्रपटाच्या आरंभी स्वप्नात बायका बसल्या आहेत आणि मुलगा पाटावर बसून त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतो आहे. जागेपणी मात्र पाटावर तीच बसते, पुन्हा पुन्हा, तेच प्रश्न ऐकत. कापसाला भाव नाही म्हणून बापाकडे हुंडा नाही, आणि हुंडा नाही म्हणून मुलीच्या मनाला किंमत नाही, ही साखळी सोमलकरांनी न ओरडता दाखवली. दोन्ही अलकांच्या बाबतीत जे राहून गेले ते येथे साधले आहे. इच्छा मुलीची आहे आणि कॅमेरा तिच्या बाजूने उभा आहे.

आमच्या मालेगाव तालुक्यातच शिरपूर आहे. नामदेव कांबळे यांचे ते गाव. 'राघववेळ' या त्यांच्या कादंबरीला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दारिद्र्यात एकटीने संसार ओढणाऱ्या दलित स्त्रीची ही कथा आहे. शोषित माणसाचे मोठेपण तो काय सोसतो यावरून मोजण्याची एक रीत मराठीत आहे. कांबळे यांच्या नायिकेला तेवढ्या मापात बसवून तिची पूजा करणे हा तिच्यावर अन्याय ठरेल. अशा एकट्या बाईच्या वाट्याला न आलेल्या सोबतीचे दुःखही वाचकाने त्या पानांतून ऐकले पाहिजे. या तालुक्यातून साहित्य निर्माण होऊ शकते, हेही त्या कादंबरीने दाखवून दिले. मग आमच्या मोहल्ल्याने लेखणी का उचलू नये?

आता स्वतःच्या घरात डोकावू. पेशवाईच्या काळात लावणी लिहिणारे सगनभाऊ मुसलमान होते, धंद्याने शिकलगार होते. शस्त्रांना धार लावणाऱ्या या कारागिराने स्त्रीची कामना मोकळेपणी शब्दांत आणली आणि मराठी माणसाने ती डोक्यावर घेतली. गरीब मुसलमान कारागीर, मराठी भाषा आणि शृंगार ही तीन टोके एकत्र बांधणारा पूर्वज आपल्याला लाभला आहे. आपल्या संमेलनांत आपण त्याचा उल्लेख मराठीशी असलेल्या नात्याचा पुरावा म्हणून करतो. तो ज्या विषयावर लिहीत होता त्याविषयी मात्र बोलायचे टाळतो.

अलीकडच्या काळात या विषयावर प्रामाणिकपणे लिहिले ते दोन स्त्रियांनी. मलिका अमरशेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४) आणि मेहरुन्निसा दलवाई यांचे 'मी भरून पावले आहे' (१९९५). शाहीर अमरशेखांची मुलगी कोवळ्या वयात नामदेव ढसाळांच्या प्रेमात पडते आणि लग्नानंतर पैशाची ओढाताण, आजार, अपमान यांतून त्या प्रेमाचे काय होते ते लपवाछपवी न करता सांगते. मेहरुन्निसा यांनी नोकरी करून घर चालवले आणि हमीद दलवाईंच्या कार्याला आधार दिला. त्यांच्या आठवणींत अभाव आहे, पण त्या अभावातही सख्य टिकलेले आहे. शीर्षकातली तृप्ती खरी आहे. एकीचे प्रेम मोडले, दुसरीचे टिकले. दोघींनीही प्रेमाच्या शेजारी घरखर्चाचा हिशेब मांडायला संकोच केला नाही. पण दोघी मुंबईच्या, चळवळीच्या परिघातल्या. तालुक्याच्या गावातली शिलाई मशीनवर बसलेली मुलगी तिथे नाही.

पुरुषांपैकी राजन खान यांनी स्त्री-पुरुष संबंधांवर निर्भीडपणे लिहिले. त्यांच्या कथेवरचा 'हलाल' हा चित्रपट २०१७ साली आला. हमीद दलवाईंनी 'इंधन' (१९६५) मध्ये कोकणातल्या गावाची जमातवादी फूट आणि माणसांचे खासगी संबंध यांची गुंतागुंत दाखवली. हे मोठे लेखन आहे. परंतु त्यात स्त्री-पुरुष संबंध हा बहुधा एखाद्या मोठ्या प्रश्नाचा दाखला म्हणून येतो, तलाकच्या किंवा धर्माधर्मांतल्या तेढीच्या. दोन सामान्य माणसांनी एकमेकांना आवडणे एवढ्याच कारणासाठी कथा लिहिली जाते, असे आमच्याकडे क्वचित घडले.

असे का झाले? आमच्या मते दोन भीतींमुळे. पहिली भीती बाहेरची. मुसलमान तरुणाच्या प्रेमाकडे कारस्थान म्हणून पाहण्याची सवय वाढत गेली. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने आंतरधर्मीय विवाहांसाठी समन्वय समिती नेमली. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'लव्ह जिहाद'विरोधी कायद्याचा विचार करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. अशा हवेत आमच्या लेखकाने प्रेमकथा लिहायला घेतली की ती आपोआप जबाब होते. नायक सज्जन आहे, निर्व्यसनी आहे, त्याचा हेतू शुद्ध आहे, हे सिद्ध करण्यात पाने जातात. मनात वासना उठणारा, चुकणारा, लाजणारा जिवंत तरुण त्यातून नाहीसा होतो. ज्याला स्वतःची कामना कबूल करायची मुभा नाही, त्याला पूर्ण माणूस म्हणून कोण ओळखणार?

दुसरी भीती घरातली. हया हा ईमानाचा भाग आहे असे आपण मानतो, आणि ते योग्यच आहे. पण हया म्हणजे मौन नव्हे. कुरआनने पती-पत्नीला परस्परांच्या वस्त्राची उपमा दिली आहे. वस्त्र देहाला चिकटून असते, ऊब देते, उघडेपण झाकते. जवळिकीचे इतके शालीन आणि इतके स्पष्ट वर्णन ज्यांच्या हाती आहे, त्यांनी या विषयाला अश्लील म्हणून बाजूला सारावे याचे आम्हाला नवल वाटते. मौनामुळे अश्लीलता टळलेली नाही. मोबाइलच्या पडद्यावर ती प्रत्येक मुलाच्या खिशात आहे. टळले आहे ते चांगले साहित्य.

यापुढे आमच्या तरुण लेखकांकडून आणि विशेषतः लेखिकांकडून आमच्या काही अपेक्षा आहेत. प्रेमकथा लिहिताना पात्राचा रोज किती, घरात खोल्या किती, निकाहसाठी किती कर्ज काढले, हे लेखकाला ठाऊक असावे. उरूसाच्या गर्दीत दोन मिनिटे बोलायला मिळाल्याचा आनंद आणि रिश्ता मोडल्यावर घरातल्या कोणालाही न सांगता आलेले दुःख, दोन्ही त्यात यावे. परगावी राबणाऱ्या नवऱ्याचा एकटेपणा यावा आणि मागे राहिलेल्या बायकोची कामनाही यावी. मुलीचे तोंडदेखले 'हो' आणि मनापासूनचे 'हो' यांतला फरक लेखकाच्या कानाला कळावा. आणि भाषा आमच्या घरातली असावी. वऱ्हाडी आणि दखनी एका वाक्यात नांदवणारी भाषा आमच्या मोहल्ल्यात रोज बोलली जाते, कागदावर मात्र ती बुजते.

समीक्षेनेही आपली मोजपट्टी बदलली पाहिजे. मुस्लिम लेखकाच्या पुस्तकात सामाजिक प्रश्न कोणता, हे विचारून आपण थांबतो. या पुस्तकातल्या माणसांना कोण हवेहवेसे वाटते आणि ते मिळण्याच्या आड नेमके काय येते, हेही आपण विचारू लागलो तर तोच सामाजिक प्रश्न अधिक खोलात सापडेल. कारण गरिबीने माणसाकडून काय काय हिरावले याची यादी घर, शिक्षण आणि औषध एवढ्यावर संपत नाही. ऐन पंचविशीत मिळायला हवी होती ती सोबत पस्तिशीत मिळाली, तर मधल्या दहा वर्षांची भरपाई कोणत्याही पॅकेजमध्ये नसते. त्या दहा वर्षांवर आमच्यापैकी कोणी तरी लिहावे. ते लेखन या वार्षिकाच्या पुढच्या अंकांतून वाचायला मिळेल, अशी आशा आम्ही बाळगतो.